पुराचं गाणं घेऊन कळवण ते देवळा

ब्लूज गायला कळवणला जाणार आहोत, असं मी घरी सांगितलं तेव्हा नवऱ्याने चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "कळवणला कोण ऐकणार?"

मी म्हटलं, "नाशकात तरी कोण ऐकतं?"

विषय तिथंच मिटला आणि मी बॅग भरायला घेतली.

पहिल्यांदाच हा ब्लॉग वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. मी शर्मिला. सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात नोकरी करते आणि रविवारी गाते. आमचा बँड म्हणजे मी आणि धनंजय. धनंजयचं सातपूरलाच छोटं वर्कशॉप आहे, कांद्याच्या प्रतवारीच्या मशीनचे सुटे भाग बनवतो. रविवारी वर्कशॉप बंद असतं, तेव्हा शटर अर्धं खाली ओढून लेथ आणि ड्रिल मशीनच्या मधल्या जागेत आम्ही बसतो. तो गिटार वाजवतो, मी गाते. वीस वर्षांहून जास्त काळ हे चाललंय. अधूनमधून एखाद्या वायनरीत, कुणाच्या तरी लग्नाच्या आदल्या दिवशी वाजवतो. प्रसिद्ध वगैरे नाही आहोत, पण चांगले आहोत. हे मी लाजत सांगणार नाही.

आमचं सगळ्यात लाडकं गाणं म्हणजे एक जुना अमेरिकन ब्लूज. कुणी रचला, ठाऊक नाही. तिकडच्या दक्षिणेतले काळे मजूर शेतात, नदीच्या बांधावर राबताना जी गाणी म्हणायचे, त्यातलं हे एक. एका बाईचा नवरा नदीला बांध घालायला जातो. पूर येतो. सगळे परततात, तो परतत नाही. ती रोज संध्याकाळी काठावर जाऊन पाण्याला विचारते. एवढीच गोष्ट. आम्ही त्याला 'पुराचं गाणं' म्हणतो. ब्लूजची रीत अशी की एक ओळ दोनदा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिचा निकाल लावायचा. जात्यावर दळताना बायका जशा एकच ओळ घोळवतात, तसंच काहीसं.

या गाण्यात तिसऱ्या कडव्याला एक उंच सूर आहे. बाई पाण्याला हाक मारते तो. तो सूर मी असा लावायचे की धनंजय म्हणायचा, "पत्रा उडेल वर्कशॉपचा." मग माझं थायरॉइडचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन उत्तम झालं, मी ठणठणीत आहे. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की बोलणं नीट होईल, वरच्या सुरांची खात्री देता येत नाही. आणि झालंही तसंच. बोलते, ओरडते, कारखान्यात सुपरवायझरला झापते. फक्त वर गेलं की आवाजाच्या जागी नुसती हवा येते. वर्षभर मी गायलेच नाही. मग पुन्हा वर्कशॉपमध्ये जायला लागले, पण धनंजय पट्टी तीच धरायचा आणि मी त्या हाकेपाशी आले की खोकल्याचं निमित्त करून थांबायचे. दोघंही त्याविषयी बोलत नव्हतो.

यात श्यामदादा आले कुठून? मॉरिशसहून. बस चालवून निवृत्त झालेले, साठी ओलांडलेले गृहस्थ. त्यांची मुलगी दिंडोरीकडच्या एका वायनरीत नोकरीला आहे आणि वर्कशॉपजवळच अशोकनगरला फ्लॅटमध्ये राहते. तिच्याकडे ते हिवाळाभर राहायला आलेले. ती सकाळी कामावर गेली की यांना काही उद्योग नाही, म्हणून गल्लीबोळांतून हिंडायचे. एका रविवारी आमचं गाणं कानावर पडलं तसे शटरखालून वाकून आत आले आणि म्हणाले, "क्षमा करावी. आपण जे वाजवीत आहात, त्याला ढोल नाही काय?"

त्यांचं मराठी असंच. त्यांच्या बेटावर मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, घरात क्रिओल बोलतात आणि मराठी शिकतात ती देवळातल्या संध्याकाळच्या वर्गात, पुस्तकातून. पुढच्या रविवारी ते आपलं वाद्य घेऊन आले. मोठ्या चाळणीएवढी लाकडी कडी, तिच्यावर बकऱ्याचं कातडं. आपल्या डफाचा थोरला भाऊच म्हणा. नाव रावान. ते 'रावान' म्हणतात आणि ऐकणाऱ्याला हमखास 'रावण' ऐकू येतं. धनंजयच्या कामगारांनी तर त्यांचं नावच रावणकाका पाडलं.

त्या वाद्यावर ते सेगा वाजवतात. सेगा म्हणजे त्या बेटावर गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकन लोकांचं गाणं-नाचणं. सहा मात्रांचा ठेका, दादऱ्यासारखाच, पण त्याचा झोल वेगळा. समुद्राची लाट परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेते, तशी ती लय आपल्याला मागे ओढते. मला पहिल्याच दिवशी वाटलं, हे दोन्ही एकाच दुःखाचे दोन किनारे आहेत. ब्लूजच्या एका ठोक्यात तीन तुकडे असतातच. ते सहामध्ये का बसू नयेत?

धनंजयला ते पटलं नाही. "गाणं जसं आलं तसं वाजवायचं," तो म्हणाला. "आपण कोण त्याला बदलणारे?"

पण त्याच आठवड्यात त्याने ॲल्युमिनियमचा एक चपटा डबा बनवून त्यात बेअरिंगचे छर्रे भरले, कारण सेगाला असा खुळखुळा लागतो असं श्यामदादांनी सांगितलं होतं. धनंजय असाच आहे. तोंडाने नाही म्हणतो आणि हाताने करून मोकळा होतो.

तर बोलावणी दोन होती. कळवणला माझे जुने ओळखीचे गावित सर महिन्यातून एकदा गाण्याचा कट्टा भरवतात, त्यांचं शनिवारचं. आणि देवळ्याला धनंजयचे गिऱ्हाईक नाना आहेर कांद्याच्या प्रतवारीची नवी शेड सुरू करत होते, त्यांचं रविवारचं. जानेवारीचा महिना, रस्ते कोरडे, धनंजयची व्हॅन तयार. निघालो.

शनिवार: नाशिक, दिंडोरी, वणी, कळवण

जाणाऱ्यांसाठी माहिती: आपली गाडी असेल तर नाशिकहून दिंडोरी-वणी-नांदुरी करत कळवण गाठायला थांबत थांबत अर्धा दिवस धरा. एसटी जुन्या सीबीएसवरून मिळते, गर्दी असते, पण खिडकी मिळाली तर मजा आहे. दिंडोरीपर्यंत दोन्ही बाजूंना द्राक्षबागा आहेत आणि जानेवारीत मणी भरत आलेले असतात. बागेबाहेर टोपली घेऊन बसलेल्या बायकांकडून घ्या, चव घेतल्याशिवाय त्या तुम्हाला सोडणार नाहीत.

श्यामदादा पुढे बसले होते. आयुष्यभर बस चालवलेल्या माणसाला शेजारी बसवून गाडी चालवणं किती अवघड असतं, ते धनंजयला विचारा. प्रत्येक वळणाला दादांचा उजवा पाय आपोआप दाबला जायचा.

"दादा, ब्रेक इकडं आहे," धनंजय शेवटी म्हणाला.

"ठाऊक आहे," दादा म्हणाले. "परंतु आपण तो वापरीत नाही."

वणीला चहाला थांबलो. पेढे इथलेच घ्या, कुठलंही दुकान चालेल. चहावाल्याने दादांचं बोलणं ऐकलं आणि चौकशी सुरू केली.

"काका, मूळ गाव कोन्तं तुमचं?"

"कात्र बोर्न," दादांनी मॉरिशसमधलं आपलं गाव सांगितलं.

चहावाल्याने बराच विचार केला. "हे कुठं आलं? साक्रीकडं का?"

गाडीत बसल्यावर मी दादांना विचारलं की पूर्वज इकडून कुठून गेले, ते शोधावंसं वाटत नाही का. ते हसले. "येथे प्रत्येकजण मला हेच विचारतो. कन्येच्या कार्यालयातही विचारतात. ताई, माझे गाव मला ठाऊक आहे. तेथे माझे घर आहे, आंब्याचे झाड आहे, शेजारी भांडतो. मी येथे हरवलेले काही शोधायला आलो नाही. मुलीला भेटायला आलो आणि आता वाजवायला चाललो आहे."

मला हे फार आवडलं. आपण परदेशातून आलेल्या मराठी माणसाला लगेच रडवायला बघतो.

नांदुरीला देवीच्या गडाचा फाटा लागतो. वर जायचं असेल तर सकाळी लवकर जा, ट्रॉलीला रांग असते. आम्ही खालूनच हात जोडले आणि पुढे निघालो. नांदुरीनंतर रस्ता सुंदर आहे. डोंगरांच्या सोंडा थेट शेतात उतरतात, आणि ऊन तिरपं झालं की कांद्याची रोपं निळसर दिसतात. गाडीतच आम्ही गाणं सहामध्ये म्हणून पाहिलं. दादांनी मांडीवर ठेका धरला तो भलताच उडता.

"दादा, ही बाई विधवा झालीय," मी म्हटलं. "वरातीत नाही चालली."

"आमच्याकडे दुःखाची गाणी नाचूनच म्हणतात."

"नाचा. पण हळू नाचा. तिचे पाय चिखलात आहेत."

मग त्यांनी ठेका निम्म्यावर आणला, आणि गाडीतली हवाच बदलली. धनंजयने मात्र रेडिओ लावला.

कळवणला बसस्टँडजवळ साध्या लॉजवर उतरलो. खोल्या स्वच्छ, गरम पाणी सकाळी बादलीने मिळतं, भाडं नाशिकच्या निम्म्याहून कमी. जेवायला शेवभाजी आणि बाजरीची भाकरी. तिखट झेपत नसेल तर आधीच सांगा. दादांनी सांगितलं नाही.

संध्याकाळी कट्टा होता. एका हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या, समोर पन्नासेक माणसं. शिक्षक, दुकानदार, स्वेटर-मफलर घालून आलेली कुटुंबं. आमच्या आधी एक भजनी मंडळ झकास गाऊन गेलं. मग गावित सरांनी आमची ओळख करून दिली, "आता नाशिकचे पाहुणे अमेरिकेचं गाणं म्हणतील, त्यात मॉरिशसचे काका रावण वाजवतील." टाळ्या पडल्या.

आणि आम्ही आपटलो.

थंडीने रावानचं कातडं सैल पडलं होतं. दादांच्या हाताखाली उशीवर मारल्यासारखा आवाज येत होता. धनंजय जुन्याच चालीने वाजवत होता, दादा सहामध्ये, आणि मी त्या दोघांच्या मधून वाट काढत होते. पट्टी जुनीच होती. तिसरं कडवं आलं. इतक्या माणसांसमोर खोकायचं निमित्त करणं मला जमेना, म्हणून मी सूर लावायला गेले. तोंड उघडं, मान वर, आणि आतून फक्त वारा. माइकमधून तो वारा हॉलभर ऐकू गेला.

मी गाणं पुरं केलं. लोकांनी टाळ्याही वाजवल्या. कळवणची माणसं सभ्य आहेत. पहिल्या रांगेतले एक आजोबा बायकोला म्हणाले ते मला स्पष्ट ऐकू आलं, "बाईला थंडी बाधली वाटतं."

"लय गार पडलंय औंदा," बायको म्हणाली.

गावित सरांनी धावत जाऊन हळद घातलेलं गरम पाणी आणलं. मी ते पिऊन टाकलं. ती थंडी नव्हती हे त्या हॉलमध्ये दोघांनाच ठाऊक होतं, मला आणि धनंजयला. तो गिटारची केस बंद करत होता, आणि त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

लाज वाटली का? वाटली. पण खरं सांगते, त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं. जे दीड वर्ष लपवत होते ते पन्नास माणसांसमोर उघडं पडलं होतं, आणि छत कोसळलं नव्हतं. मी झोपले तीही गाढ.

रविवार: कळवण ते देवळा

कळवण ते देवळा अंतर थोडंच आहे. रस्त्यावर ट्रॅक्टर आणि कांद्याने भरलेले पिकअप खूप, तेव्हा ओव्हरटेकची घाई करू नका. सकाळी धुकं होतं. एका मळ्याच्या कडेला एक जोडपं मक्याची वाळलेली ताटं पेटवून शेकत बसलेलं दिसलं, तसं दादांनी धनंजयच्या खांद्यावर हात ठेवला. "कृपया थांबा. माझा रावान आजारी आहे."

दादा उतरले आणि त्या जोडप्याकडे जाऊन हात जोडून म्हणाले, "मला आपला अग्नी हवा आहे."

शेतकरी बायकोकडे बघायला लागला. मी पुढे होऊन समजावलं. मग त्याने हसून आणखी ताटं टाकली. दादा रावान जाळासमोर धरून गोल फिरवत राहिले, मधून मधून बोटाने टिचकी मारून ऐकत. आवाज हळूहळू चढला. धप, मग ढप, मग टण्ण. शेतकरी म्हणाला, "आमच्या डफाला बी असंच लागतं बरं का," आणि दोघं भाऊबंद भेटल्यासारखे कातड्यावर बोलत बसले. बायको मात्र दादांच्या बुटांचं कौतुक करत होती.

धनंजय आणि मी व्हॅनला टेकून उभे होतो.

"आज ई पट्टीतून वाजव," मी म्हटलं. "बरंच खाली आण."

"खाली आणलं तर ती हाक राहत नाही."

"हाक खालूनही मारता येते."

"शर्मिला, ते गाणं ए मध्येच आहे. वीस वर्षं..."

"धन्या, गाणं कशातच नाही. ज्या बाईने पहिल्यांदा म्हटलं तिला ए काय आणि ई काय? तिच्या गळ्यात जे होतं त्यात तिने म्हटलं. तुला इतका राग का येतोय?"

मक्याचा धूर आमच्या अंगावर येत होता. मग तो म्हणाला, "राग नाही गं. तुला ऑपरेशनला नेलं तेव्हा मी बाहेर बसलो होतो ना तुझ्या नवऱ्याजवळ. तेव्हाच ठरवलं होतं, तुझा आवाज येईपर्यंत आपण पट्टी सोडायची नाही. मी सोडली तर तो परत यायचा नाही, असं वाटत राहिलं. वेडेपणा आहे, कळतंय मला."

दीड वर्ष मी समजत होते की हा हट्टी आहे. हा तर जागा धरून बसला होता, एसटीत आपल्या माणसासाठी रुमाल टाकून बसतात तसा.

"तो आवाज येणार नाही, धन्या," मी शेवटी म्हटलं. "हा आलाय. याला बसायला जागा दे."

त्याने चष्मा काढून पुसला. धूर गेला असेल डोळ्यांत. मग त्याने मागचं दार उघडलं, गिटार काढली आणि व्हॅनच्या पायरीवर बसून ई मध्ये तारा छेडल्या. त्याची लाडकी सुरुवात त्या पट्टीत बसत नव्हती. त्याने ती सोडून दिली. दादांच्या ठेक्यात ज्या जागा रिकाम्या राहत होत्या, बरोबर तिथं तो हलकेच तार छेडत गेला. मी गुणगुणले. खालचा, जाडसर, थोडा खरखरीत आवाज. बाजरीच्या भाकरीसारखा. दादांनी रावानवर एक थाप दिली आणि म्हणाले, "आता ही बाई चिखलात उभी आहे."

आणखी एक गोष्ट मी तिथंच ठरवली. देवळ्यात मराठीत गायचं. शब्द वहीवर नाही, गाडीतच जुळवले:

*बांध घालाया गेला, अजून नाही घरी,*
*बांध घालाया गेला, अजून नाही घरी,*
*साऱ्या गावचं पाणी उतरलं, उभं माझ्या दारी.*

नाना आहेरांची शेड देवळ्याच्या बाहेर, रस्त्यालगत. नवा पत्रा चकाकत होता, मशीनला झेंडूचा हार, जमिनीवर अजून एकही कांदा पडलेला नाही. पूजा झाली, नारळ फुटला, आणि जेवण. या भागात गेलात आणि कुणी खापरावरच्या पुरणपोळ्यांना बोलावलं तर सगळं सोडून जा. मातीचं खापर पालथं घालून त्यावर रुमालाएवढी मोठी पोळी टाकतात. दादांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

"आमच्याकडे दालपुरी असते," ते म्हणाले. "बसथांब्यावर मिळते, तिखट चटणी लावून. मी रोज खात असे."

"पुरणाला चटणी लावता?" नानांच्या बायकोने विचारलं.

"आमची गोड नसते."

"मग काय मजा!" त्या म्हणाल्या आणि आणखी एक वाढली.

जेवणं झाल्यावर भर दुपारी आम्ही मशीनसमोर उभे राहिलो. एकच स्पीकर होता. समोर सतरंजीवर पुढल्या आठवड्यापासून इथं कामाला येणार होत्या त्या बायका, मागे उभे व्यापारी, ड्रायव्हर, नानांचे पाहुणे. उन्हाने पत्रा तापला होता, त्यामुळे रावान चांगला ताणून बोलत होता. मी डबा हातात घेतला, छर्रे एकदा इकडून तिकडे सरकवले. वाळूवरून पाणी गेल्यासारखा आवाज झाला. दादांनी ठेका धरला, धनंजय रिकाम्या जागांत आला. आणि मी गायले.

पहिली ओळ म्हटली. तीच दुसऱ्यांदा म्हणायला तोंड उघडलं, तर ती आधीच सुरू झाली होती. सतरंजीवरच्या दोघीतिघींनी उचलली होती. ओळ परत यायची असते, हे त्यांना सांगावं लागलं नाही. मी थांबले आणि त्यांना म्हणू दिली. तिसरी ओळ माझी. पुढच्या कडव्याला निम्म्या सतरंजीने दुसरी ओळ घेतली. तिसऱ्या कडव्याला ती हाक आली. ती मी वर नेलीच नाही. खाली, छातीतून, बोलल्यासारखी सोडली. शेजारणीला हाक मारावी तशी पाण्याला हाक मारली. माझ्या उजव्या कानापाशी धनंजयची तार थरथरत थांबली, आणि पुढच्या ठोक्याला बरोबर परत आली.

गाणं संपलं तेव्हा टाळ्या लगेच आल्या नाहीत. त्याआधी पुढे बसलेल्या एका वयस्क बाईने मोठ्याने अहिराणीत विचारलं, "मंग तो उना का नही?"

तो आला की नाही? वीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.

"गाण्यात सांगितलेलं नाही, मावशी," मी म्हटलं.

"नही उना व्हई," तिने निकाल दिला. "येता ते गानं कसाले म्हनती ती?" आणि मग शेजारणीला कोपर मारून, "पन आवाज भारी शे बाईना."

टाळ्या आल्या त्या यानंतर.

नानांनी काहीतरी नाचायचं वाजवा म्हणून आग्रह धरला. दादा जणू याचीच वाट पाहत होते. त्यांनी खरा, उडता सेगा सुरू केला आणि वाजवता वाजवताच नाचून दाखवलं. पाय जमिनीवरून उचलायचे नाहीत, घासत न्यायचे. थोड्याच वेळात शेडच्या नव्या कोब्यावर बायका, नाना, नानांचा ट्रक ड्रायव्हर, सगळे पाय घासत होते. धनंजयसुद्धा. कोब्याला आपोआप पॉलिश झालं, असं नाना नंतर म्हणाले.

परत

येताना आम्ही भावडबारी घाटाने सोग्रस फाट्याला आलो आणि हायवे धरला. रस्ता लांब वाटतो, पण वेळ वाचतो. पिंपळगावचा टोल भरावा लागतो आणि नाशकात द्वारका चौकात अडकावं लागतं, त्याला इलाज नाही. एकूण खर्च म्हणाल तर डिझेल, टोल, एक मुक्काम आणि चहा. बाकीचं दोन्ही गावांनी खाऊ घातलं. नानांनी शिवाय एक गोणी कांदे व्हॅनमध्ये टाकले, ते तिघांत वाटून घेतले.

दादांना अशोकनगरला सोडलं. त्यांची लेक गेटपाशी उभी होती. ती क्रिओलमध्ये काहीतरी रागावली, बहुधा दिवसभर फोन का उचलला नाही म्हणून. दादांनी तिच्या हातात एक पुरणपोळी ठेवली, मग ती गप्प झाली. फेब्रुवारीच्या शेवटी ते परत गेले. आता आम्ही रविवारी दोघंच असतो. धनंजय पायाने ठेका धरायला शिकतोय. चुकतो आणि शिव्या देतो, पण पट्टीबद्दल पुन्हा काही बोललेला नाही. नव्या पट्टीसाठी त्याने गाण्याची नवी सुरुवात बसवली आहे, आणि खरं सांगायचं तर ती जुनीपेक्षा चांगली आहे.

एखादं जुनं गाणं बदलावं की नाही, यावर आता माझं मत पक्कं आहे. गाणं म्हणणाऱ्याच्या गळ्यात राहतं. गळा बदलला की तेही सामान घेऊन मागोमाग येतं, फक्त त्याला दार उघडावं लागतं. या प्रवासाने मला हे शिकवलं असं म्हणणार नाही, माझ्या गळ्याला ते आधीच कळलं होतं. कळवणला मी त्याचं ऐकलं नाही आणि देवळ्याला ऐकलं, इतकाच फरक.

परतल्यावर काही दिवसांनी मी एक गोष्ट केली, जी ऑपरेशननंतर कधी केली नव्हती. माझं जुनं रेकॉर्डिंग लावलं. स्वयंपाकघरात, कांदा चिरत, एकटीने. तो उंच सूर आला, लखलखीत, पत्रा उडवणारा. मला वाटलं होतं रडू येईल. आलं नाही. धाकट्या बहिणीचं ऐकावं तसं ते सगळं ऐकलं, शेवटपर्यंत.

छान गायची ती. फक्त जरा घाई करायची.